त्रिशलाची टिक्की फुटत का नाही

गाईची धार काढून त्रिशला घरात येते न येते तोच जैन बस्तीतले उपाध्ये दारात उभे राहिले. एरवी हा माणूस ओसरीवर टेकायचा, पाणी मागायचा, उसाच्या तोडीची चौकशी करायचा. आज त्यांनी चपलासुद्धा काढल्या नाहीत.

“वहिनी, ट्रस्टी नानासोंचा निरोप हाय. चौक्याच्या यादीतनं तुमचं नाव सध्या बाजूला ठेवलंय.”

“बाजूला म्हंजे?”

“म्हंजे... न्हाई. मला काय इचारू नका, मी नुसता सांगकाम्या.” एवढं बोलून ते वळले आणि जवळजवळ पळालेच.

त्रिशला दुधाची चरवी हातात घेऊन तशीच उभी राहिली. आठ दिवसांनी मुनिसंघ गावात येणार होता आणि पाच दिवस बस्तीत, म्हणजे गावच्या जैन मंदिरात, मुक्काम करणार होता. मुनींना आहार द्यायचा तर घरी चौका लावावा लागतो. सगळं स्वयंपाकघर धुऊन काढायचं, विहिरीचं पाणी गाळून भरायचं, आणि धुवट वस्त्रं नेसून नवराबायकोनं जोडीनं दारात उभं राहायचं. त्रिशला फलटणहून या गावात सून होऊन आली त्याला बावीस वर्षं झाली होती. या घरानं एकदाच चौका लावला होता, तोही सासूच्या हातचा. तेव्हा हिच्या वाट्याला पाणी भरण्यापलीकडे काही आलं नव्हतं. या खेपेला तिचं नाव आलं होतं, तेही पहिल्या दिवसाला. तिनं डाळी निवडून बरण्यांत भरून ठेवल्या होत्या.

“प्राची!” तिनं हाक मारली. “मंडळाच्या ग्रुपवर काय आलंय का बघ.”

सांगलीच्या कॉलेजात शिकणारी प्राची सुट्टीला घरी आली होती. तिनं फोन उघडला, बोललेला निरोप ऐकला आणि आईकडे न बघता पुन्हा लावला. महिला मंडळाच्या अध्यक्ष पद्माक्कांचा आवाज घरभर घुमला: “बायांनो, बर्गरची टिक्की काय अशी जाळीवर टिकत न्हाई. त्यात अंडं असतंय. मी चौकशी केलीय. महावीर जयंतीच्या मेळाव्यात आपल्या लेकरांनी काय खाल्लं, ज्याचं त्यानं समजून घ्या.”

“आई, अगं, मी लिहू का काही?”

“तू काय लिहू नको,” त्रिशला म्हणाली, आणि चरवी खाली ठेवून तशीच बाहेर पडली.

हे बर्गरचं खूळ मुळात प्राचीचंच. कॉलेजातल्या मैत्रिणी खायच्या, हिला बाहेरचं चालायचं नाही. म्हणून घरी सुरू झालं. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा तर नाहीच, कारण जमिनीखालचं काही खायचं नाही. मग कच्ची केळी आणि माहेरचा वाघ्या घेवडा, म्हणजे राजमा. पहिल्या वेळी शेगडीवरच्या जाळीवर टिक्की ठेवली आणि उलटताना तिचा भुगा झाला. “आई, हा बर्गर नाही, हा उपमा आहे,” प्राची म्हणाली होती. दुसऱ्या वेळी निम्मी टिक्की कोळशात गेली. उपाय सापडला तो भूपालला, त्रिशलाच्या नवऱ्याला. व्यालेल्या गाईला जवस भिजवून घालताना त्याच्या बोटांना चिकट तार सुटलेली दिसली. तो ती बोटं तशीच धरून स्वयंपाकघरात आला. “हे घालून बघू या का?” एवढंच म्हणाला. तेव्हापासून जवस भाजून वाटायचं काम त्याचं, आणि टिक्क्या वळायचंही. त्याच्या हातची टिक्की नाण्यासारखी गोल यायची, कडेला एक चीर नाही. महावीर जयंतीच्या मेळाव्यात त्रिशलानं बर्गर केले, त्यांच्या दोनशे टिक्क्या त्यानंच वळल्या होत्या, दार लावून घेऊन.

पद्माक्का माळवदावर सांडगे घालत होत्या. त्रिशलाला जिना चढून येताना बघूनही त्यांचा हात थांबला नाही.

“अक्का, माझ्या टिक्कीत अंडं हाय म्हणून तुमी बोलला?”

“बोलले. फोनवर बोलले, समद्यांम्होरं बोलले. लपवाय मी काय चोरी केली न्हाई.”

“मग मी केलीया?”

“त्ये तुला ठावं.”

“तुमी डोळ्यांनी बघितलं?”

“बघाय कशाला लागतंय? मी सवता करून बघितली की. दोनदा! केळी उकडली, कुस्करली, डाळीचं पीठ घातलं. जाळीवर टाकली की फस्सकन खाली. बेचाळीस वर्षं झाली, माझ्या हातची पोळी कवा फुटली न्हाई, आन् ही टिक्की फुटती व्हय? पाचगणीला हाटेलात भाचा हाय माझा, त्याला फोन केला. त्यो म्हणला, मावशी, अंड्याबिगर जाळीवर टिकायचीच न्हाई.”

“त्याची टिकत नसंल.”

“आन् तुला मेळाव्यात सरळ इचारलं हुतं, काय घालतीस गं म्हणून. तर दात काढलंस. ‘हाताचा गुण हाय अक्का!’” पद्माक्कांनी तिची नक्कल केली, आणि वाईट म्हणजे ती बरोबर केली. “मग आमी काय समजायचं?”

हे त्रिशलाला झोंबलं, कारण खरं होतं. त्या दिवशी चार बायका भोवती जमल्या, तेव्हा तिला मोठी गंमत वाटली होती. आणि नवऱ्याचं नाव निघू नये, हेही होतंच.

“मी सांगितलं न्हाई, चुकलं माझं. पण घरात येऊन इचारायचं हुतं. अंडं? माझ्या चुलीवर?”

“घरातच इचारलं की. परवा ट्रस्टींच्या बैठकीत नानासोंनी तुझ्या नवऱ्यालाच इचारलं, भूपाल, काय घालत्यात रं त्यात? भूपाल म्हणला, मला सैपाकातलं काय कळतंय. घरच्या माणसालाच ठावं न्हाई, तर गावानं काय म्हणायचं?”

मघापासून ज्या बाईचा गळा धरावासा वाटत होता, ती त्रिशलाला एकाएकी दिसेनाशी झाली. ती जिना उतरली ती थेट गोठ्यात.

भूपाल गाईच्या अंगावरचा चिखल खरवडत होता. मोठा कमी बोलणारा माणूस. रोज संध्याकाळी बस्तीत ग्रंथ वाचायचा तो. त्याचं वाचन ऐकायला शेजारच्या वाडीचे लोक यायचे. पण पुस्तक मिटून स्वतःचं एक वाक्य बोलायची वेळ आली की त्याला घाम फुटायचा.

“मेळाव्याचं जवस कुणी वाटलं?” त्रिशला दारातूनच म्हणाली.

“आं?”

“जवस. कुणी वाटलं? टिक्क्या कुणी वळल्या?”

“मी.”

“मग बैठकीत काय बोललासा?”

भूपालचा हात गाईच्या पाठीवर थांबला. त्यानं खाली बघितलं. “त्यो टवाळ जयराज बसला हुता तिथं. समदीच बसली हुती. हसली असती गं.”

“हसली असती! आन् आता माझ्या नावानं गाव बोंब मारतंय, त्ये चालतंय तुमाला? पंक्तीत माझं ताट बाजूला मांडतील उद्या, त्ये चालंल, पण जयराज हसाय नको!”

“मी तसं खोटं न्हाई बोललो. नुसतं म्हणलं, काय कळतंय...”

“पुरं!” गाय बिचकून बाजूला सरली. “वीस वर्षं ग्रंथ वाचतासा नव्हं लोकांना? मग म्हणून दावा, मुनी दारात आलं की जोडीनं काय म्हणायचं असतंय?”

“त्रिशला...”

“म्हणा.”

“मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी...” तो पुटपुटला.

“थांबा. दुसरं काय म्हणलासा?”

तो पुन्हा गाईच्या अंगावरचा चिखल खरवडायला लागला.

“वचनशुद्धी. कुठल्या तोंडानं म्हणणार हायसा? नानासो उद्या पाया पडून नाव यादीत घालू द्यात, मी तुमच्या शेजारी उभी राहणार न्हाई. अंड्यानं बाटला नसता एवढा तुमच्या जिभेनं बाटलाय माझा चौका.”

त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत तिघं जेवली. कोणी कोणाला वाढलं नाही. ज्यानं त्यानं घेतलं. “मीच सांगते ना सगळ्यांना, बाबा करतात म्हणून,” प्राची एकदा म्हणाली. “त्यास्नी तोंड हाय,” त्रिशला म्हणाली, आणि विषय संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस्तीत अभिषेक आटोपला. पुरुष मंडपाच्या एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला बसल्या होत्या. नानासो चौगुले संघाच्या मुक्कामाचं सांगत होते: पाणी कुठून, मांडव कुणाचा. मध्येच भूपाल उभा राहिला. नानासोंना वाटलं, बाहेर चाललाय.

“मला बोलायचं हाय,” तो म्हणाला. कपाळावरचा घाम त्यानं उपरण्यानं पुसला. त्रिशलानं त्याच्याकडे बघितलं नाही, मांडीवरच्या पदराचं टोक तेवढं मुठीत घट्ट धरलं.

“त्या दिवशी बैठकीत मी खोटं बोललो. टिक्कीत काय असतंय, मला ठावं हाय. घरात जवस मी वाटतो. टिक्क्या मीच वळतो. अंडं न्हाई त्यात.”

मग जयराजचा आवाज आला, “आयला, म्हंजे भूपालदादा सैपाकीण झालं म्हणायचं!” पुरुषांच्या बाजूला हशा पिकला.

भूपालचं तोंड लाल झालं. आता हा खाली बसणार, असं त्रिशलाला वाटलं.

“व्हय, सैपाकीण!” तो ओरडला. एवढा मोठा त्याचा आवाज गावानं ऐकला नव्हता. “सैपाकीणच हाय मी! आन् माझी टिक्की फुटत न्हाई! तू एक वळून दाव मला. एक! ऊठ की, हसतोस काय?”

जयराज उठला नाही. हसूही विरलं.

एकदा तोंड उघडल्यावर भूपालला थांबता येईना. ग्रंथ वाचावा तसा तो एकेक गोष्ट सांगत गेला. घेवडा शिजला की कापडावर कोरडा करायचा. पोहे कोरडेच वाटायचे, डाळीचं पीठ भाजून घ्यायचं. जवस भाजून, वाटून, थोड्याच पाण्यात भिजवायचं, त्याला तार सुटली की मगच मिसळायचं. वळलेली टिक्की तासभर गार जागी ठेवायची. जाळीला तेल लावायचं, आणि टिक्की आपण होऊन सुटेपर्यंत तिला हात लावायचा नाही, वरून दाबायचं तर नाहीच.

“आन् केळी?” बायकांच्या बाजूनं पद्माक्का म्हणाल्या. न राहवून म्हणाल्या.

“तुमी सोलून, चिरून उकडली असणार.”

“मग? आत किडाबिडा हाय का त्ये बघाय नको? आख्खं शिजवायचं पाप मी न्हाई करत.”

“बघायचं की. पण साल काढायची न्हाई. उभी एक चीर द्यायची, आत बघायचं, आन् वाफंवर ठेवायची. सोलून पाण्यात टाकली की पाणी पिती. मग टिक्की फुटती.”

पद्माक्कांचं सोवळंच त्यांच्या टिक्कीला नडलं होतं, आणि ते त्यांना कळलं असावं. “हे त्या दिवशीच सांगितलं असतं तर एवढं झालं असतं का?” त्या म्हणाल्या. चुकलं, असं मात्र म्हणाल्या नाहीत.

नानासोंनी घसा खाकरला. खिशातून यादी काढली, पेन काढलं. “झालं गेलं. त्रिशलावहिनी, तुमचं नाव हुतं तिथंच घालतो. पयला दिवस. बरं न्हवं?”

सगळे तिच्याकडे बघू लागले. हेच तिला हवं होतं. काल सकाळपासून यासाठीच तिचा जीव कासावीस झाला होता. आता आनंद व्हायला हवा होता, म्हणून तिनं तो आत शोधला, आणि सापडला नुसता राग. पद्माक्कांचा राग, न विचारता नाव काढणाऱ्या नानासोंचा राग. काल विहिरीवर तिला बघून कळशी उचलून निघून गेलेल्या दोघी समोरच बसल्या होत्या, आणि आता मान डोलवत होत्या. भूपालचा रागही पुरता गेला नव्हता. खरं बोलायला त्याला एक रात्र लागली होती. कालपासून ती त्याला वचनशुद्धी ऐकवत होती. दारात उभं राहिल्यावर वचनशुद्धीच्या आधी मनशुद्धी म्हणायची असते.

“न्हाई,” ती म्हणाली. “पयला दिवस अक्कांना द्या. मला शेवटचा द्या.”

“आवं, का?” नानासोंचं पेन तसंच राहिलं. “आता तर समदं साफ झालं की.”

“तुमचं झालं. माझं न्हाई. माझ्या मनात लय राग हाय, नानासो. तुमचा बी हाय. असं मन घिऊन मुनींम्होरं मनशुद्धी म्हणू व्हय? मग ह्यास्नी काल कशापायी बोलले मी?”

भूपाल मान वर करून तिच्याकडे बघत होता.

“शेवटच्या दिवसापतुर जाईल का गं राग?” पद्माक्कांनी विचारलं. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, खरीच चौकशी होती.

“बघू,” त्रिशला म्हणाली. “आज तरी न्हाई.”

नानासोंनी पहिल्या ओळीवर पद्माक्कांचं नाव लिहिलं. तिनं ते लिहून होईपर्यंत बघितलं, मग उठून चपला घातल्या आणि भूपालची वाट न बघता घराकडे निघाली. बावीस वर्षं वाट बघितलेला पहिला दिवस तिनं स्वतःच्या तोंडानं देऊन टाकला होता, आणि चालताना तिला त्याचाही राग येत होता.