भिंतीत कोंडलेली तुळस

मित्रांनो, वैशाखरे गावातल्या काळूराम गोजरांच्या अंगणाच्या कडेची मी एक जुनी वई, म्हणजे काटेरी कुंपण. निरगुडीचे खुंट, त्यांत विणलेल्या करवंदीच्या काट्या आणि सगळे आवळून धरणाऱ्या रानवेली, एवढाच माझा जीव. भात झोडून झाले की दरवर्षी मला नव्याने बांधत. अर्धी बाजू गोजर बांधत, अर्धी शेजारची रखमी. दोन्ही घरांचा हात लागायचा, म्हणून हद्दीवरून कधी तंटा झाला नाही.

एके ठिकाणी मी गोजरांच्या बाजूला कमरेत वाकलेली होते. तिथे रखमीचे तुळशीवृंदावन होते. देवासाठी वाकण्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. सप्ताहातले मारुतीच्या देवळातले कीर्तन माझ्यातून दोन्ही अंगणांत जायचे. बुवांनी अभंग धरला की माझी पाने टाळाबरोबर हलायची.

यंदा काळूरामांनी घर विकायला काढले. नात मनस्वीला सांभाळायला त्यांना मुलाकडे कल्याणला जायचे होते, तेही तिची शाळा सुरू व्हायच्या आत. तेव्हा मुरबाडहून आदेश नावाचा दलाल आला. डोक्यावर गॉगल, हातात दोन मोबाइल आणि तोंडात देवाचे नाव औषधालाही नाही.

"काका, हा झाडोरा बघून गिऱ्हाईक गाडीतनं उतरणार पण नाय. सरळ कंपाउंड मारा. घराचा रेट लगेच वर!"

"सरळ कसा मारू? मधी वैनीची तुळस हाय ना."

"तुळस काय पळून जाते का?"

रखमी लेकीकडे कसाऱ्याला गेली होती. त्या आठ दिवसांत भिंत उभी राहिली. काय तिचे रूप सांगू! अंगाला सिमेंट, डोक्यावर फुटक्या बाटल्यांच्या काचा. पक्षी बसत नाही, वेल चढत नाही. बिचारीला वळता येत नाही, आणि त्याचाच तिला केवढा तोरा! मला उपटून न्हाणीमागे फेकले.

रखमी परतली तेव्हा तिचे घर भिंतीपलीकडे होते आणि तुळस अलीकडे. ती भांडली नाही. रोज दिवेलागणीला गोजरांचे लोखंडी गेट ढकलायची, दिवा लावायची आणि आल्या वाटेने निघून जायची.

मग घर पाहायला कमळताई आल्या, कल्याणच्या निवृत्त नर्स. घर त्यांना आवडले. चहा आला. आदेश भिंतीवर थापा मारत म्हणाला, "फुल सेफ्टी, मॅडम!" तेवढ्यात गेट करकरले. हातात निरांजन घेऊन रखमी आत आली.

"तुम्ही कोण, बाई?" कमळताईंनी विचारले.

"शेजारीण. तुळस माझी, भिंत यांची. देवाला भेटायला रोज परक्याच्या दारातनं येते मी."

कमळताईंनी कप खाली ठेवला. "काळूरामभाऊ, साधी वई असती तर मी आजच हो म्हटलं असतं. आज शेजारणीची तुळस आत आलीय, उद्या कोर्टाचा कागद येईल. या वयात मी तारखा करत फिरू?"

"मॅडम, तुळस हलवू की आपण!" आदेश घाईने म्हणाला.

"आधी तू हल रे," रखमी म्हणाली.

कमळताई गेल्या. त्यांच्या मागोमाग आदेशही गेला, कारण त्याला फोन आला होता. असल्यांना नेमका तेव्हाच फोन येतो.

दुसऱ्या दिवशी काळूरामांनी पहार घेतली आणि तुळशीपाशी भिंत फोडली. मग न्हाणीमागून माझे खुंट उचलून आणले. काही खुंटांना हिरवे कोंब फुटले होते.

"वैनी, चुकलो मी. तुमची अर्धी बाजू बांधाल का?"

"बांधीन. पण भावजी, गाठी घट्ट मारा. तुमची बाजू दरसाल ढिलीच असते."

घर अजून गेलेले नाही. मनस्वीचा रोज फोन येतो, "आजोबा, कधी येता?" आणि फोन ठेवून काळूराम माझ्या गाठी आवळत बसतात. मित्रांनो, हद्द आखाल तेव्हा पलीकडच्याचाही हात लावून घ्या, एवढेच माझे मागणे.

माझ्या दोन्ही अंगांना ती भिंत अजून ताठ उभी आहे. मध्ये मी, वाकडी. संध्याकाळी रखमीच्या दिव्याचा उजेड माझ्यातून गोजरांच्या ओटीपर्यंत पोहोचतो. त्या भिंतीला तेवढेही जमत नाही.