कापूस मी जाळला नाही

मी एक जुनी टाकी आहे. पाण्याची नव्हे मित्रांनो. वाफेच्या सिगारेटची, अंगठ्याएवढी, पोलादाची नि काचेची. मी खेळणं नाही, मला हात लावायचा नाही, फक्त ऐकायचं. आणि सगळ्यात आधी एक सांगून टाकते, कारण ते पोटात फार दिवस खदखदतंय: तो कापूस मी जाळला नाही.

माझ्या जातीच्या टाकीत तयार काही नसतं. मालकाने स्वतः तारेचं वेटोळं करायचं, त्यातून कापूस ओवायचा, वरून रस भरायचा. तार तापली की कापसातल्या रसाची वाफ होते. चव कशी लागेल ते त्या हातकामावर ठरतं. बोल मात्र मला.

मला जॉर्डनमधल्या इर्बिद गावच्या मिफ्लेहने घेतलं. सगळे त्याला अबू सनद, म्हणजे सनदचा बाप, म्हणतात. इर्बिद ते अम्मान बस चालवतो. तीस वर्षं रोज दोन पाकिटं सिगारेट ओढल्यावर डॉक्टरांनी त्याच्या छातीचा फोटो उजेडात धरला आणि त्यातले काळे डाग एकेक करून दाखवले. त्याची बायको रस्मिया रडली नाही. घरी येऊन तिने सगळ्या राखदाण्या घासल्या आणि त्यांत खारवलेली जैतुनाची फळं वाढली.

चाळीस दिवस आमचं छान चाललं. हुक्क्यात असते त्या ‘दोन सफरचंदं’ नावाच्या चवीचा रस, मागून बडीशेपेची झुळूक. सिगारेटचं नाव नाही.

मग एका शुक्रवारी दुपारी त्याचे काका हाजी धियाब आणि आणखी सहा जण आले. त्या घरात यजमानाच्या हातात जे असेल ते पाहुण्यांत फिरतं. हुक्क्याची नळी फिरते, तशी मीही फिरले. ही सगळी हुक्क्यावर वाढलेली माणसं. गाल आत जाईपर्यंत ओढायचं आणि लगेच पुढच्याच्या हातात द्यायचं. कापसाला पुन्हा भिजायला दहा आकडे मोजण्याएवढी उसंत लागते, ती कोण देणार? चौथ्यापाशीच मी कोरडी पडले. पाचवे हाजी. ते खोकून खोकून लाल झाले.

“पोरा,” ते म्हणाले, “गाढवाचं खोगीर पेटवून दिलंस होय मला?”

सगळे हसले. मिफ्लेहने मान खाली घातली आणि पुटपुटला, मालच भिकार निघाला. माल. मी.

दुसऱ्या दिवशी त्याने शहाणपणा केला: जास्त कापूस म्हणजे जास्त रस. बोळा कोंबला, तोही घाईत. तार हवेच्या भोकापासून सरकली. रस वर चढेना, कापूस पुन्हा करपला. तिसऱ्या वेळी त्याने मला खणात फेकलं. आठवड्याभरात त्याचा सदरा धुताना रस्मियाच्या हाताला खिशात सिगारेटचं पाकीट लागलं.

ती द्राक्षवेलीच्या पानांत तांदूळ भरत बसली होती. हात पुसून तिने मला खणातून काढलं, उघडलं.

“अबू सनद, ही टाकी आहे की उशी?”

“तुला यातलं काय कळतं?”

“पानात तांदूळ ठासला तर तो फुगणार कुठे? मधे कच्चा, बुडाशी करपलेला. चाळीस वर्षं गुंडाळतेय मी.”

तिने नवा कापूस घेतला. त्याच्या मिशांच्या कंगव्याने विंचरून निम्मा काढून टाकला. टोकं रसाला जेमतेम टेकतील एवढीच ठेवली. तार हवेच्या भोकाच्या बरोबर वर आणली. फुंकणी चुलीच्या बाजूला धरून जाळ होतो का, असं विचारत. हवेचं भोक अर्धं मिटलं, रस घातला आणि मला तशीच ठेवून पंधरा पानं गुंडाळली. मग मला त्याच्यापुढे सरकवलं.

त्याने सावकाश ओढलं.

“बडीशेप लागतेय,” एवढंच म्हणाला. तिने ते पाकीट त्याच्यासमोर ठेवलं. तो उठला आणि ते कचऱ्यात टाकून आला.

पुढच्या शुक्रवारी हाजींनी पुन्हा हात पुढे केला. वडीलधाऱ्याचा हात रिकामा परत पाठवणं म्हणजे त्या मुलखात थोबाडीतच. मी पुन्हा करपले तर ते पाकीटही पुन्हा येणार, हे मिफ्लेहलाही ठाऊक होतं आणि मलाही.

“काका, घरातलं सगळं तुमचं. ही नाही. हिला दोन ओढींच्या मधे दम खायला लागतो. मलाही.”

हाजींनी हात हळूच मांडीवर घेतला.

“माझा भाऊ, तुझा बाप, पुढे आलेली एकही सिगारेट नाकारायचा नाही,” ते म्हणाले. “एकदा असं नाही म्हणाला असता, तर आज इथे बसला असता.”

मित्रांनो, मी औषध नाही. मलाही एक दिवस घराबाहेर काढायचा रस्मियाचा बेत आहे, आणि तो तिने तडीस न्यावा. मी निमूट जाईन. पण एवढं ऐका: काही करपलं, की आधी वस्तूला शिव्या घालू नका. उघडून बघा, आत कुणी किती ठासलंय ते.