बाटलीतली चांदी

मियाके सरांच्या टेबलावर एक जुना फोटो आहे. हिवाळ्यात उपसलेलं गावचं तळं, मांडीपर्यंत चिखलात उभे छोटे मियाके आणि कवेत हा एवढा मासा. तो दाखवल्याशिवाय ते पाहुण्याला चहासुद्धा पाजत नाहीत. मी त्यांची सहायक, म्हणजे माझी सुटकाच नाही.

त्याच तळ्याच्या वरच्या अंगाला मोज्यांचा कारखाना आला. पायांना वास येऊ नये म्हणून मोज्यांत चांदीचे अतिसूक्ष्म कण घालतात, आणि धुण्याचं पाणी शेवटी तळ्यात जातं. तळ्यात सरांचे थोरले भाऊ तोकुजी मासे वाढवतात. सरांनी कारखान्याला 'धोका नाही' असं लिहून दिलं, तेव्हा तोकुजी टोपी हातात धरून विचारायला आले.

"हारू, माझी पिल्लं जगतील ना रे?"

"दादा, घाबरतोस काय! चांदी तळाशी बसते, काळ्या चिखलातल्या गंधकाला चिकटते आणि झोपून जाते. प्रयोगासाठी तळ्यातला चिखल भरून ठेवलेल्या आमच्या बाटलीत बघ, केव्हाची घोरतेय!"

"सर, ती बाटली आपण कधी उघडलेलीच नाही," मी म्हटलं. "त्या चिखलाला हवा लागली की चांदी हळूहळू पुन्हा सुटते."

"तळ्याच्या बुडाशी हवा कुठून येणार, इवासे? पंखा लावतेस?"

सर स्वतःच्याच विनोदावर खो खो हसले. भाऊही हसले, बिचारे. मी फोटोतल्या उपसलेल्या तळ्याकडे बोट दाखवलं.

"छान आहे ना?" सर खुलले. "हा मासा मी एकट्याने धरला होता!"

एवढी अक्कल घेऊन माणूस प्राध्यापक होतो, याचं मला आजही नवल वाटतं.

हिवाळ्यात गावाने नेहमीसारखं तळं उपसलं. उघडा पडलेला चिखल उन्हात वाळून भेगाळला. वसंतात पाणी भरलं, तोकुजींनी पिल्लं सोडली, आणि थोड्याच दिवसांत ती पांढरी पोटं वर करून तरंगू लागली.

तोकुजींनी बादली आणून थेट टेबलावर ठेवली.

"सगळी गेली, हारू."

सरांनी आत डोकावून नाक दाबलं. "मग चूक तुम्हा गावकऱ्यांचीच, दादा. तळं उपसायला सांगितलं कुणी?"

तोकुजींनी फोटो उचलला, बाहीने पुसला आणि सरांच्या पुढ्यात धरला.

"ह्याने. दर हिवाळ्यात रडून घर डोक्यावर घ्यायचा, कधी उपसणार, कधी उपसणार म्हणून."

ते निघून गेले. सरांनी फोटो उपडा घातला आणि मला म्हणाले, "ही घाण बाहेर ने."

मी बादलीला हात लावला नाही.