बोकडाचं टेन्शन

आमच्या ग्रामसभेला खुर्च्या जास्त आणि माणसं कमी असतात. त्या दिवशी मात्र मारोतीच्या पारासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. बारावीची परीक्षा आणि हळदीचा हंगाम आमच्या वसमतकडं एकदमच येतात. शेतात हळद शिजते आणि घरात लेकरं. त्यात सोमेश्वर महाराज आले. त्यांच्या गाडीवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘टेन्शनहरण’. गावानं भंडारा उधळून त्यांचं स्वागत केलं, तेव्हा त्यांचं पांढरं धोतर कमरेपर्यंत पिवळं झालं. ते तसंच नेसून ते पारावर बसले.

“भीती पोटात जन्मती,” महाराज सांगत होते, “दंडातून खाली उतरती आन बोटात साचती! डॉक्टर लोक बोटालाच सुई काहून टोचतेत? त्यांनाबी ठावं हाय, पर सांगत न्हाईत!”

लोकांनी आपापली बोटं निरखून पाहिली.

समोर पितळी घंगाळात नितळ पाणी होतं. पोरानं त्यात हात बुडवला की हात लालभडक व्हायचा. “निघाली! भीती निघाली!” मग महाराज वरून लिंबू पिळायचे आणि लाली नाहीशी व्हायची. “जळाली!”

शेजारच्या बालाजीचे हात तर विड्यासारखे रंगले. हा पोरगा परीक्षेच्या हॉलमध्येही घोरेल. पण त्याच्या आईचा ऊर भरून आला. “अभ्यासच तेवढा करतंय लेकरू!” त्यावर दुसरी म्हणाली, “आमच्याचे त्याच्याहून लाल झाले म्हणलं!” बघता बघता कुणाचं लेकरू जास्त घाबरट, याची चढाओढ लागली.

मग माझ्या दिरानं, संतराम भावजींनी, आपल्या लेकीला, पुनमला पुढं केलं.

पुनमला खरंच त्रास होता. पुस्तक उघडलं की छाती धडधडायची, श्वास अडकायचा, हातातून पेन गळून पडायचा. “काकू, आता मरते असं वाटतं,” असं ती मला म्हणाली, तेव्हा मी भावजींच्या मागं लागून हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांना दाखवायचं ठरवून घेतलं होतं. दुसऱ्याच दिवशी जायचं होतं.

तिनं हात बुडवले आणि बाहेर काढले. हात कोरेच्या कोरे.

महाराजांनी डोळे मिटून उघडले. “हिला कायबी न्हाई. आळस हाय. नाटक करून राहिली.”

भावजींचा चेहरा दगडासारखा झाला. “ऐकलं का वहिनी? हिंगोली-बिंगोली काय न्हाई आता.”

घरी आल्यावर पोरगी मला विचारते, “काकू, म्या खरंच नाटक करून राहिले का?”

मी तिला शेजारी बसवलं आणि हळदीत मळलेलं लुगडं घेऊन धुणं धुवायला बसले. साबण लावला आणि पिवळा डाग लाल झाला. हे मी जन्मभर पाहत आले आहे. पण आमच्या गावात पिवळेपणा कुणाच्या डोळ्यात भरतच नाही, सगळेच पिवळे! बालाजी दिवसभर हळद पॉलिश करायच्या ढोलाजवळ. आणि पुनमला तिच्या आईनं हंगामभर हळदीला हात लावू दिला नव्हता. कशासाठी, तर अभ्यासासाठी!

मी डाग दाखवला. पुनम ताडकन उठली. “दर्शक! काकू, हळद दर्शक हाय! चुन्याच्या पाण्यात लाल, लिंबात पुन्हा पिवळी. शाळंत हाय आमच्या!”

दुसऱ्या दिवशी रांगेत मी मुन्नाला घेऊन उभी राहिले. मुन्ना म्हणजे माझा पांढरा बोकड. तो वाळत घातलेल्या हळदीच्या ढिगावरच झोपतो, त्यामुळं तोही नवरदेवासारखा पिवळा.

“महाराज, ह्याला लई टेन्शन हाय.”

“बाई, हे जनावर हाय!”

“जनावराला जीव न्हाई का?” म्हणत मी त्याचा पाय घंगाळात घातला. लालभडक!

बालाजी ओरडला, “ह्याची कोणती परीक्षा हाय ओ?”

“जत्रा जवळ आली न्हाई का!” मागून कुणीतरी म्हणालं.

“मागल्या जन्मीची भीती हाय ती!” महाराजांनी सावरायला पाहिलं.

तेवढ्यात पुनम पुढं आली. हात बुडवले, कोरे. मग हाताला हळद चोळली आणि बुडवले, लाल. लिंबू पिळलं, पिवळे. “चुन्याची निवळी हाय ही,” ती म्हणाली. आवाज कापत होता, हात थरथरत होते, तरी ती सगळं नीट सांगत होती.

महाराज घंगाळ उचलून गाडीकडं पळाले. मुन्ना मध्ये आला, पाणी हिंदकळलं आणि कालचंच ते पिवळं धोतर कमरेपासून खाली लाल होत गेलं. “निघाली! भीती निघाली!” सगळी पोरं एका आवाजात ओरडली.

भावजी मात्र हसले नाहीत. ते पुनमच्या हातांकडं पाहत होते.

“हात काहून थरथरून राहिले, बाई?”

“भीती वाटती, बाबा.”

“कवापासून?”

हा प्रश्न त्या घरात आजवर कुणी विचारला नव्हता. पुनम पाराच्या कडेला बसली आणि सांगत राहिली. भावजी तिच्या शेजारी टेकले. शेवटी माझ्याकडं वळून म्हणाले, “वहिनी, हिंगोलीची गाडी किती वाजता हाय?”

बायांनो, बाप्यांनो, भीतीला रंग नसतो. तिला पाण्यात बुडवून बघू नका. लेकराला जवळ बसवून विचारा, ते सांगेल त्यावर विश्वास ठेवा, आणि तकलीफ मोठी असेल तर डॉक्टरकडं न्या. ताप आला तर नेताच की. आणि तरीही कुणी महाराज आलाच, तर मुन्ना आमच्या दारात बांधलेला आहे. घेऊन जा.