ऑर यामिनी

"झिरो रिझल्ट्स," ईशिता म्हणाली. "काकू, स्पेलिंग बरोबर टाकलंत ना?"

"माझं नाव मला येत नाही होय गं?"

सुनेत्रा पुन्हा स्क्रीनकडे वाकली. नॉर्थ यॉर्कच्या लायब्ररीतला शनिवारचा वर्ग संपला होता. ऑनलाइन डेटाबेसमध्ये संशोधनाचे पेपर कसे शोधायचे, ते इथे फुकट शिकवत. शिकवणारी ईशिता इथलीच लायब्रेरियन, रिचमंड हिलमध्ये वाढलेली. सुनेत्रा ब्रॅम्पटनहून बस बदलत यायची. तिकडे वेअरहाउसात ती खोक्यांवर स्कॅनर फिरवते. त्याआधी, नागपूरला, तिने संत्र्याच्या डिंक्या रोगावर काम केलं होतं. खोडातून डिंक पाझरतो आणि झाड उभ्याउभ्या वाळतं. त्यावर तिचा एक पेपर छापून आला होता. एकच.

आता एका कॉलेजच्या लॅबमध्ये असिस्टंट हवी होती. डिग्री दाखवा, नाहीतर छापून आलेलं काम दाखवा, असं अर्जात होतं. डिग्री दाखवणार कुठून? सासरच्यांनी नागपूरचं घर विकलं तेव्हा तिचे सगळे कागद रद्दीत घातले. विद्यापीठातून दुसरी प्रत यायला महिने लागणार, तोवर जागा भरून जाणार. एका बाईचं अख्खं शिक्षण किलोवर गेलं, आणि कुणाला फोन करून सांगावंसंही वाटलं नाही. उरला तो पेपर. तो सापडला नाही, तर जन्मभर स्कॅनर.

"सब्जेक्टने ट्राय करू या," ईशिता म्हणाली.

सुनेत्राने 'ऑरेंज' टाकलं. पेपरांचा ढीग आला, त्यातले कितीतरी नुसते रंगावरचे.

"बघा, डेटाबेस डंब असतो. तुमच्या मनात काय आहे ते त्याला कळत नाही. अँड टाकलं की रिझल्ट्स कमी होतात, ऑर टाकलं की वाढतात. एकाच गोष्टीला लोक वेगवेगळी नावं देतात ना, ती सगळी ऑरने जोडायची. ऑरेंज ऑर मँडरिन."

"आमच्याकडे संत्रं म्हणजे संत्रं. नागपुरात ऑर लागत नाही."

"डेटाबेस नागपूरचा नाहीये ना, काकू!"

दोघी हसल्या. हसता हसता सुनेत्राच्या लक्षात आलं. सव्वीस वर्षं जी सही केली, तीच तिच्या बोटांनी मघाशी टाइप केली होती. पेपर लिहिला तेव्हा ती सुनेत्रा नव्हतीच.

"ऑर यामिनी," ती म्हणाली. "यामिनी देशकर. लग्नाआधीची मी."

"ओके, सरनेम चेंज झालं."

"आडनावही. नावही."

"फर्स्ट नेम? हू डज दॅट?"

"आमच्यात करतात. नवरा ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहितो. सासूबाई म्हणाल्या, यामिनी म्हणजे रात्र, घरात काळोख नको. यांनी सुनेत्रा लिहिलं."

"तुम्हाला विचारलं?"

"मला पेढा दिला."

ईशिताने ते नाव टाकून एंटर दाबलं. एक रिझल्ट. पूर्ण पेपर या लायब्ररीला मिळत नव्हता, नुसता सारांश होता. सुनेत्राने तो वाचला, पुन्हा वाचला. यातलं प्रत्येक झाड तिने हाताने तपासलं होतं.

तिने नवऱ्याला, विलासला फोन लावला. "अहो, पेपर सापडला. पण यामिनीच्या नावावर आहे. नाव बदलल्याचा काही कागद केला होता का आपण?"

"कागद कशाला? चारशे माणसांसमोर लिहिलं होतं की."

"मग ते तांदूळ पाठवू का कॉलेजला?"

"चिडतेस काय? अ‍ॅफिडेव्हिट करू. पण या वयात हे उकरायचं कशाला?"

"नोकरी हवीय म्हणून. अर्ज यामिनीच करणार आहे."

"बरं. मग संध्याकाळी घरी कोण येणार?" विलास हसला.

ती हसली नाही. फोन ठेवून ईशिताला म्हणाली, "अर्जात दोन्ही नावं लिहायची. आधी यामिनी."

"डन. मग मी पण आता तुम्हाला यामिनी काकूच म्हणणार. थांबा, प्रिंट आणते."

प्रिंटर हॉलच्या दुसऱ्या टोकाला होता. तिथून ईशिताने हाक मारली, "यामिनी काकू!"

कुणी उठलं नाही.

"यामिनी काकू, या ना! झाली प्रिंट!"

सुनेत्राने मागे वळून पाहिलं, कोण आहे ही यामिनी म्हणून.