शेवटच्या रांगेतून

बबडी अडीच वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. ऐकू येतंय, एवढं नक्की; तिच्या पाठीमागे मुद्दाम ताटली पाडून मी रोज खात्री करून घ्यायचे. "तिचा बापही उशिराच बोलला," सासूबाई म्हणायच्या. "आणि मग थांबलाच नाही," हे नवऱ्याचं. माझ्या जिवाला मात्र घोर लागलेला.

नवरा शहरातल्या मोठ्या इनडोअर स्टेडियममध्ये साउंडचं काम बघतो. आदल्या दिवशी तिथे बास्केटबॉलची मॅच होती, त्या संध्याकाळी गाण्यांचा कार्यक्रम. नेमका त्याचा मदतनीस तापाने झोपला, म्हणून दुपारी मलाच बोलावणं आलं. काम सोपं होतं. सगळ्यात वरच्या रांगेत बसायचं. माइकवरचं स्पष्ट ऐकू आलं तर एक हात वर, नाही आलं तर दोन्ही हात हलवायचे.

"आणि बबडी?"

"माझ्याकडे राहील. खाऊन नाही टाकत तिला."

"वायरी आहेत सगळीकडे."

"अगं, कडेवर घेतो. जा बरं तू!"

सारखी मागे वळून बघत मी पायऱ्या चढले. वरून बबडी म्हणजे त्याच्या खांद्याला चिकटलेला पिवळा ठिपका.

"हॅलो, चेक," त्याचा आवाज आला. मी हात वर केला. पुढचा स्पीकर. पुन्हा हात. मग पिवळ्या ठिपक्याने माइक ओढला असावा. खरखर झाली, कुणाचा तरी श्वास ऐकू आला, आणि त्या अवाढव्य हॉलभर एक बारीक, ओला आवाज घुमला.

"हॅओ."

मी उठून उभी राहिले आणि दोन्ही हात जोरजोरात हलवले.

"वर पोचलं नाही वाटतं," नवरा म्हणाला. "बबडे, परत म्हण."

"हॅओ! चेक!"

दोन्ही हात.

खाली धावपळ उडाली. कुणी बटणं फिरवली, कुणी वायर काढून पुन्हा लावली.

"हॅओ, चेक, बाबा!"

दोन्ही हात. डोळे भरून वाहत होते, पण पुसायला हात मोकळे कुठे होते!

छताजवळच्या लोखंडी पुलावरून दिवेवाला वाकून ओरडला, "दादा, वायरी कशाला उचकताय? मला इथे खणखणीत येतंय. वहिनी चक्क खोटं बोलतायत!"

सगळे हसत सुटले. माइकमधून नवऱ्याचंही हसू आलं, जरासं ओलं. मी धावतच खाली उतरले.

"आई, चेक," बबडी मला म्हणाली आणि लगेच माइककडे वळली. सोडायलाच तयार नाही. संध्याकाळची गायिका येऊन कधीची बाजूला उभी होती. मी ओशाळून बबडीला उचलायला गेले.

"असू दे हो," ती म्हणाली. "तिचं होऊ दे आधी. आम्ही थांबतो."