एडनाचा पहिला क्लोजअप

"अरे, कोण आहे तो माणूस? बाजूला घ्या त्याला!"

दिग्दर्शक हर्षवर्धन ओरडला तेव्हा संघमित्रा भिंतीला टेकून लेन्स पुसत होती. परळच्या जुन्या गिरणीच्या आवारातल्या त्या स्टुडिओत भिंतीपासून जमिनीपर्यंत सगळं निळंच निळं होतं. त्या निळ्याच्या जागी नंतर कॉम्प्युटरवर बर्फाचे डोंगर येणार होते. आत्ता मात्र तिथे एक उंच म्हातारा बुटांसकट उभा होता आणि मागे त्याच्या काळ्या पावलांची रांग उमटली होती.

"सॉरी हां सर, माझा नवरा आहे," नऊवारी सावरत एडना धावली. "हेन्री, चल बाहेर."

"घरी कधी जायचं?" हेन्रीने विचारलं.

गिरगावची एडना इतकी वर्षं जाहिरातींत गर्दीतली बाई होती. कधी लग्नातली पाहुणी, कधी दवाखान्याच्या रांगेतली पेशंट. आज पहिल्यांदाच तिच्या वाट्याला क्लोजअप आला होता आणि एक वाक्यही. पांढरा विग लावलेली, बर्फ बघून हरखलेली आजी. हेन्री अलीकडे विसरायला लागला होता आणि त्याच्याजवळ बसणारी बाई नेमकी आजच आली नव्हती, म्हणून ती त्याला सोबत घेऊन आली होती.

"फरशी परत रंगवायला लागणार," हर्षवर्धन म्हणाला. तो तसा वाईट नव्हता, घाईत होता. "आंटी, त्यांना बाहेर बसवा ना प्लीज."

"एकटे नाय बसनार ते. उठून जातील कुठंतरी." एडना विगच्या पिना काढू लागली. "मीच जाते. तू दुसरी बघ कोणतरी."

संघमित्रा तिथे फोटो काढायची. शूटिंग दुसऱ्यांचं, हिने टिपायचं ते कॅमेऱ्यामागचं. चहा पिणारी, वायरी ओढणारी, मेकअपच्या खुर्चीत पेंगणारी माणसं. ऐन पंचविशीत ती या कामाला लागली आणि दुसरं काही करावंसं तिला कधी वाटलंच नाही. फक्त कामावर निळं घालता येत नाही, हे तिच्या आईला, कौसल्याला, काही केल्या पटत नसे. "आई, निळं घातलं की माणूस दिसेनासा होतो तिथं," असं समजावल्यावर कौसल्या म्हणाली होती, "आपण तर बाई निळा झेंडा घेतल्यावरच दिसाया लागलो."

"आंटी, राहू द्या त्या पिना," संघमित्रा म्हणाली. "अंकल माझ्यासोबत थांबतील. मला माणूस पाहिजेच आहे."

तिने हेन्रीच्या हातात थर्माकोलचा पांढरा तक्ता दिला. "अंकल, यावरून उजेड पडतो समोरच्यावर. हलवायचा नाही हां."

हेन्रीने जन्मभर गोदीत क्रेन चालवली होती. तक्ता जराही हलला नाही. रंग वाळेपर्यंत तो तिच्यामागून स्टुडिओभर फिरला. मध्येच विचारायचा, "तू कुठं राहते गो?" आणि ती दर वेळी पहिल्यांदाच सांगावं तसं सांगायची, "इथेच, चाळीत. मागच्या गल्लीत."

एडनाचा शॉट दुसऱ्याच टेकला ओके झाला. कोऱ्या निळ्या भिंतीकडे बघत ती "अगं बाई, केवढा हा बर्फ!" असं काही म्हणाली, की हर्षवर्धनने स्वतः टाळ्या वाजवल्या.

मग संघमित्राने तिला एका खोक्यावर बसवलं. हेन्रीने तक्ता धरला. विगखालच्या चेहऱ्यावर मऊ उजेड पसरला. हेन्री बघत राहिला, मग संघमित्राच्या कानाशी वाकला. हळू बोलणं त्याला कधी जमलंच नव्हतं.

"बाई छान हाय गो. लगीन झालंय तिचं?"

संघमित्राचं बोट बटणावरच थांबलं. एडनाने ऐकलं होतं. ती हसली.

"झालंय ना," ती म्हणाली. "नवरा चांगला आहे. गोदीत गेलाय कामाला. येईल इतक्यात."

"नशीबवान हाय," हेन्री म्हणाला आणि त्याने तक्ता थोडा वर धरला.

संध्याकाळी तोंड धुऊन, आपला फुलाफुलांचा झगा घालून एडना निघाली. संघमित्रा दोघांना टॅक्सीपर्यंत सोडायला आली होती. फाटकाबाहेर गाड्यांची रीघ लागली होती. हेन्रीने एडनाला खांद्याला धरून आतल्या बाजूला घेतलं आणि स्वतः गाड्यांच्या बाजूने चालू लागला.